‘जाऊ दे’ म्हणण्याआधी
सरकारी पैशातून चालणारे प्रशिक्षण, नोकरी आणि भेदभावाची तक्रार

ईदच्या दुसऱ्या दिवशी माझ्या माजी विद्यार्थिनी घरी येतात. शिरखुर्म्याच्या वाट्या फिरतात आणि कुणाचे लग्न ठरले, कुणाला नोकरी लागली, अशा गप्पा रंगतात. दोन वर्षांपूर्वीच्या ईदला त्यांच्यातली एक मुलगी गप्प बसून होती. बारावीनंतर तिने सरकारी योजनेतला एक मोफत कोर्स केला होता, ‘जनरल ड्युटी असिस्टंट’चा. रुग्णालयात नर्सच्या हाताखाली रुग्णांची देखभाल करणारी माणसे या कोर्समधून तयार होतात. हजेरी चांगली, परीक्षा पास, सर्टिफिकेट हातात.

“मग काम लागलं का गं?” मी विचारले.

“नाही टीचर. इंटरव्ह्यूला माझं नावच पाठवलं नाही.”

“का?”

“सर म्हणाले, स्कार्फवाल्या मुलींना हॉस्पिटलवाले घेत नाहीत. नाव पाठवून काय उपयोग?”

शेजारी बसलेल्या तिच्या अम्मी चटकन म्हणाल्या, “जाऊ द्या मॅडम. कोर्स फुकट होता. कशाला कुणाशी वाकडं घ्यायचं?”

हे ‘जाऊ दे’ आपल्या घराघरांत ऐकू येते. त्यामागे भीती असते, थकवा असतो आणि ‘आपलं कोण ऐकणार’ ही जुनी समजूतही असते. पण या एका शब्दामुळे दोन गोष्टी होतात. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला न्याय मिळत नाही. आणि ज्याच्यावर अन्याय झालेला नाही, तोही आयुष्यभर ‘आपल्याला नावामुळे डावललं’ असे समजून बसतो, कारण खरे काय झाले हे कुणी तपासलेलेच नसते.

दुसऱ्या प्रकारचे उदाहरणही त्याच वर्षीचे. माझा एक माजी विद्यार्थी आयटीआयमध्ये होता. त्याला परीक्षेला बसू दिले नाही. “टीचर, नाव बघून अडवलं,” असे तो सांगत होता. मी त्याला हजेरीचा तक्ता आणायला सांगितला. आयटीआयच्या परीक्षेसाठी 80 टक्के हजेरी लागते, याची साठच्या आसपास होती. त्याच तुकडीतले आणखी तीन मुलगे अडले होते आणि त्यांच्यापैकी एकही मुस्लिम नव्हता. हा भेदभाव नव्हता. मुलगा ओशाळला, पण पुढच्या वर्षी नियमित गेला आणि पास झाला.

दोन्ही मुलांची तक्रार शब्दांत सारखीच होती. फरक कळला तो तपासल्यावर. ही तपासणी कशी करायची, त्यासाठी वकील व्हावे लागत नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

हा पैसा कुणाचा?

पहिली गोष्ट, ‘कोर्स फुकट होता’ हे वाक्य मनातून काढून टाकू या. प्रशिक्षणार्थ्याला तो फुकट असतो. सरकार त्याचे पैसे केंद्राला देते, आणि सरकारचा पैसा म्हणजे काडेपेटीपासून पेट्रोलपर्यंत आपण सगळे जो कर भरतो तो.

अशा योजना बऱ्याच आहेत. शासकीय आयटीआय आहेत. 2015 साली सुरू झालेली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आहे. ग्रामीण तरुणांसाठी 2014 पासून दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आहे. तिच्या मार्गदर्शक सूचनांत अनुसूचित जाती-जमातींसाठी 50 टक्के, अल्पसंख्याकांसाठी 15 टक्के आणि महिलांसाठी 33 टक्के वाटा ठरवून दिलेला आहे. अल्पसंख्याक मंत्रालयाची ‘सीखो और कमाओ’ 2013-14 मध्ये सुरू झाली आणि पुढे ‘पीएम विकास’मध्ये मिसळली गेली, तिच्यात किमान 75 टक्के प्रशिक्षितांना रोजगार मिळवून देण्याची अट होती. आपल्या राज्यात 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. तिच्यात बारावी झालेल्यांना दरमहा 6,000, आयटीआय किंवा पदविकावाल्यांना 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये विद्यावेतन ठरले. याशिवाय 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यांत होणारी अप्रेंटिसशिप आहेच.

यांतली अनेक केंद्रे खाजगी संस्था चालवतात. दारावर पाटी खाजगी असते, पैसा सरकारी असतो. म्हणून तक्रारीचा पहिला प्रश्न हाच: हे केंद्र कोणत्या योजनेचे, आणि पैसे देणारे खाते कोणते? प्रवेशाच्या पावतीवर, ओळखपत्रावर किंवा सर्टिफिकेटवर योजनेचे नाव असते. ते कागद जपून ठेवा.

तपासणीचे पाच प्रश्न

अमेरिकेत सरकारी पैशातून चालणाऱ्या रोजगार प्रशिक्षणासाठी 2014 चा एक कायदा आहे. त्याच्या 188 व्या कलमानुसार धर्म, वंश, लिंग, वय, अपंगत्व अशा कारणांवरून प्रशिक्षणार्थ्याला डावलता येत नाही. तिथल्या नियमांप्रमाणे प्रत्येक केंद्राने समान संधीची सूचना भिंतीवर लावायची असते, आलेल्या तक्रारींची नोंदवही ठेवायची असते, आणि तक्रार घटनेपासून 180 दिवसांच्या आत करायची असते. तिथेही सगळे आलबेल आहे असे नाही. पण तक्रार तपासण्याची एक ठरलेली रीत तिथे आहे, आणि ती आपल्यालाही उपयोगी पडेल अशी आहे. मी ती माझ्या शब्दांत पाच प्रश्नांत मांडते.

*एक, नेमके काय झाले?* ‘मला त्रास दिला’ एवढ्याने भागत नाही. प्रवेश नाकारला, तुकडी बदलली, विद्यावेतन थांबवले, प्रात्यक्षिकाला यंत्र दिले नाही, गुण कापले, सर्टिफिकेट अडवले, मुलाखतीला नाव पाठवले नाही, अपमानाचे शब्द वापरले, यांपैकी काय? तारीख, वेळ, जागा आणि बोललेले शब्द जसेच्या तसे.

*दोन, कोणत्या कारणावरून?* धर्म, जात, स्त्री असणे, अपंगत्व, भाषा, मोहल्ला. कधी दोन कारणे एकत्र असतात, आणि ती वेगळी केली की अन्याय दिसेनासा होतो. आमच्या मुलीच्या तुकडीतल्या एका मुस्लिम मुलीचे नाव यादीत होते. ती स्कार्फ घालत नव्हती. केंद्राचे सर म्हणाले, “बघा, तुमच्यातली एक आहे की यादीत. भेदभाव कुठे केला?” पण डावलले गेले होते ते स्कार्फ घालणाऱ्या मुस्लिम मुलींना. एकीला घेतले म्हणून बाकीच्यांना वगळणे योग्य ठरत नाही.

*तीन, तुलनेला कोण?* तुमच्यासारखीच पात्रता असलेल्या दुसऱ्याला वेगळी वागणूक मिळाली का? हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न. आयटीआयच्या मुलाची तक्रार याच प्रश्नावर गळून पडली. मुलीची तक्रार याच प्रश्नावर उभी राहिली. तिच्या तुकडीत 22 मुली पास झाल्या होत्या आणि मुलाखतीला 14 नावे गेली. स्कार्फ न घालणाऱ्या 17 जणींपैकी 14 गेल्या. स्कार्फ घालणाऱ्या पाचपैकी एकही नाही. आणि गेलेल्यांपैकी काहींचे गुण या पाच जणींपेक्षा कमी होते.

*चार, संस्था कारण काय देते, आणि ते सगळ्यांना सारखे लावते का?* इथे आपणही प्रामाणिक राहायला हवे. लेथ मशिनवर काम करताना सुटा कपडा धोक्याचा असतो. तिथे ओढणी, सैल बाह्या, बांगड्या, सगळ्यांनाच मनाई असेल तर तो सुरक्षेचा नियम आहे. केस आणि गळा झाकणारे, खोचलेले कापड चालेल का, अशी वाट तिथे विचारता येते. पण मनाई फक्त स्कार्फला असेल आणि लोंबत्या ओढणीला नसेल, तर सुरक्षेचे कारण हा बहाणा ठरतो. रुग्णालयाच्या बाबतीत सरांचे म्हणणे होते, “हॉस्पिटलची अट आहे.” ही अट लेखी दाखवा, असे विचारल्यावर त्यांच्याकडे काहीच नव्हते. रुग्णालयाने अजून ‘नाही’ म्हटलेच नव्हते. त्यांच्या वतीने केंद्रानेच ते आधी म्हणून टाकले होते.

*पाच, केव्हा झाले, आणि पुरावा काय?* दिवस जातात तसे कागद हरवतात, सोबतच्या मुली दुसऱ्या गावी जातात. व्हॉट्सॲपचा संदेश, हजेरीपट, गुणपत्रक, निवड यादीचा फोटो, त्या वेळी हजर असलेल्यांची नावे, हे त्याच आठवड्यात गोळा करा. कुरआनातली सर्वांत लांब आयत देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदारांविषयी आहे, हे आपण मुलांना शिकवतो. हक्काच्या बाबतीत मात्र आपण तोंडी बोलून मोकळे होतो.

2015 साली मुंबईतल्या एका खाजगी कंपनीने एका मुस्लिम तरुणाला, आम्ही मुस्लिमेतर उमेदवारच घेतो, असे ई-मेलने कळवले होते. प्रकरण देशभर गाजले, पोलिसांत गुन्हा दाखल झाला, राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाने दखल घेतली. कारण नकार लेखी होता. असे लेखी नकार क्वचितच मिळतात. म्हणून तोंडी नकाराची नोंद आपणच, त्याच दिवशी, करायची.

नियम एकच, फटका वेगळा

काही वेळा कुणीच वाईट बोलत नाही, नियमही सगळ्यांना एकच असतो, तरी फटका ठरावीक लोकांनाच बसतो. प्रात्यक्षिक परीक्षा दर शुक्रवारी दुपारी एक वाजता. अर्ज फक्त ऑनलाइन आणि वस्तीत सेवा केंद्र नाही. संध्याकाळी सातला सुटणारी तुकडी आणि शेवटची बस साडेसहाची. मुलींसाठी स्वच्छतागृहाची सोय नाही. उर्दू माध्यमाच्या गुणपत्रिकेवरून ‘भाषा कच्ची असणार’ असे गृहीत धरणे.

याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये लष्करातील महिला अधिकाऱ्यांच्या खटल्यात, लेफ्टनंट कर्नल नितिशा प्रकरणात, ही कल्पना स्पष्टपणे मान्य केली. वरून सारखा दिसणारा निकष एखाद्या गटावर जास्त भार टाकत असेल, तर हेतू वाईट नसला तरी तो तपासावा लागतो, असा त्याचा सारांश.

अशा वेळी ‘तुम्ही आमच्याविरुद्ध आहात’ असे म्हणून भांडण काढण्यापेक्षा ‘हा नियम असा बदलला तर काम अडेल का?’ असे विचारणे जास्त परिणामकारक ठरते. एक वाजताची परीक्षा अडीचला घेतली तर केंद्राचे काही बिघडत नाही.

एकाची तक्रार, अनेकांचा हिशेब

एका मुलीचे नाव राहिले तर ती चूकही असू शकते. पाच जणींची राहिली तर हिशेब मांडावा लागतो. हा हिशेब सातवीच्या मुलालाही जमेल असा आहे.

समजा 30 जणांच्या तुकडीत 20 इतर आणि 10 मुस्लिम आहेत. इतरांपैकी 14 जणांना काम मिळाले, म्हणजे 70 टक्के. मुस्लिमांपैकी तिघांना, म्हणजे 30 टक्के. आता 30 ला 70 ने भागा: साधारण 43 टक्के. अमेरिकेत 1978 च्या मार्गदर्शक नियमांपासून एक मोजपट्टी वापरली गेली. कमी निवड झालेल्या गटाचा दर जास्त निवड झालेल्या गटाच्या दराच्या चार पंचमांशाहून, म्हणजे 80 टक्क्यांहून, खाली असेल तर चौकशी करायची. आपले 43 टक्के त्याच्या कितीतरी खाली आहेत. मात्र हा निकाल नव्हे, हा प्रश्न आहे. तुकडी लहान असेल तर दोन माणसांनी आकडा उलटापालटा होतो. हजेरी, गुण, कामाच्या गावी जाण्याची तयारी, हेही पाहावे लागते. पण चार तुकड्यांत सलग तोच आकडा येत असेल तर ‘योगायोग’ म्हणून सोडून देता येत नाही.

असे हिशेब आपल्या देशातही झाले आहेत. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी 2007 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त एक अभ्यास प्रसिद्ध केला. 66 आठवडे, वर्तमानपत्रांतल्या 548 जाहिराती आणि 4,808 अर्ज. पात्रता सारखी, फक्त नावे वेगळी. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत बोलावणे येण्याच्या शक्यतेचे गुणोत्तर दलित नावाला 0.67 आणि मुस्लिम नावाला 0.33 निघाले. मुलींबाबत लेड बाय फाउंडेशनने 2022 मध्ये असाच प्रयोग केला. एकाच पात्रतेचे दोन अर्ज, एक हिंदू मुलीच्या नावाने आणि एक मुस्लिम मुलीच्या नावाने, एक हजार नोकऱ्यांसाठी पाठवले. हिंदू नावाला 208 प्रतिसाद आले, मुस्लिम नावाला 103.

हे दोन्ही अभ्यास खाजगी नोकऱ्यांचे आहेत. पण म्हणूनच सरकारी पैशातून चालणाऱ्या प्रशिक्षणाची जबाबदारी वाढते. बाजारात दार अर्धेच उघडे असेल तर सरकारी केंद्राने मुलीचे नाव आधीच खोडून चालणार नाही. ते नाव पुढे पाठवणे हेच त्याचे काम आहे.

कायदा कुठे भक्कम, कुठे तोकडा

घटनेचे कलम 14 समानतेची हमी देते. कलम 15 नुसार केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून सरकारला नागरिकांत भेद करता येत नाही. कलम 16 सरकारी नोकरीतील समान संधीचे आहे. कलम 29 (2) आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते: सरकारी निधीतून मदत घेणाऱ्या शिक्षण संस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यावरून प्रवेश नाकारता येत नाही.

काही बाबतींत खास कायदे आहेत आणि त्यांत मुदतीही ठरलेल्या आहेत. अपंग व्यक्तींसाठी 2016 चा कायदा आहे. त्यानुसार सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी हवा, त्याच्याकडे नोंदवही हवी, आणि तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी हवी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा शिकाऊ आणि प्रशिक्षणार्थी मुलींनाही लागू आहे. तक्रार तीन महिन्यांत करायची असते. अप्रेंटिसचा मालकाशी करारावरून वाद झाला तर शिकाऊ उमेदवारी सल्लागार निर्णय देतो आणि त्यावर 30 दिवसांत अपील करता येते.

धर्मावरून होणाऱ्या भेदभावासाठी मात्र असा एकच, सोपा, सरकारी आणि खाजगी दोन्हींना लागू होणारा कायदा नाही. सच्चर समितीने 2006 मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली. प्राध्यापक माधव मेनन यांच्या तज्ज्ञ गटाने 2008 मध्ये त्यासाठी विधेयकाचा मसुदाही दिला. आयोग मात्र झाला नाही. स्कार्फचा प्रश्न तर न्यायालयातच अनिर्णित आहे: कर्नाटकातील कॉलेजांच्या गणवेशाच्या खटल्यात ऑक्टोबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही.

खाजगी केंद्राला घटनेची कलमे थेट लागू होतात का, यावर वकील वाद घालू शकतील. पण त्याला पैसे देणारे खाते सरकारचेच आहे, यावर वाद नाही. म्हणून तक्रारीची एक प्रत नेहमी त्या खात्याकडे गेली पाहिजे.

अर्ज कुठे द्यायचा?

पहिला अर्ज केंद्रप्रमुखाला किंवा आयटीआयच्या प्राचार्यांना. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन पोच ठेवायची. पोच देत नसतील तर तोच अर्ज पोस्टाने रजिस्टर करून पाठवायचा आणि पावती जपायची. एक प्रत जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राच्या सहायक आयुक्तांना. केंद्र सरकारची योजना असेल तर ‘सीपीग्राम्स’ या तक्रार पोर्टलवर नोंद करता येते; 2024 च्या सूचनांनुसार तिथे तक्रार 21 दिवसांत निकाली काढायची आहे. राज्याच्या योजनेसाठी ‘आपले सरकार’ पोर्टल आहे.

तिथे दाद लागली नाही तर राज्य अल्पसंख्याक आयोग किंवा 1992 च्या कायद्याने स्थापन झालेला राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग. आयोग खात्याकडून अहवाल मागवू शकतो, पण शेवटी शिफारसच करतो. तरीही आयोगाचे पत्र आले की फाइल हलते.

आकडे हवे असतील तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. इतरांची नावे आणि गुण मागू नका, वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतील. संख्या मागा: किती प्रवेश, किती पास, किती नावे मुलाखतीला, किती जणांना काम, आणि त्यांत अल्पसंख्याक किती, महिला किती.

वकिलाची गरज पडली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. 1987 च्या कायद्याप्रमाणे महिलांना तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे प्रत्येक आईला माहीत असायला हवे.

अर्ज कसा लिहायचा?

आम्ही लिहिलेला अर्ज एका पानाचा होता. त्याचा साचा असा:

“मी अमुक योजनेतील अमुक तुकडीची प्रशिक्षणार्थी. माझी हजेरी इतकी टक्के, परीक्षेतील गुण इतके; प्रती सोबत जोडल्या आहेत. अमुक तारखेला मुलाखतीसाठी 14 जणींची यादी गेली. त्यात माझे नाव नव्हते. कारण विचारले असता ‘स्कार्फवाल्या मुलींना घेत नाहीत’ असे मला अमुक व्यक्तींसमोर सांगण्यात आले. स्कार्फ घालणाऱ्या आम्हा पाचही जणींची नावे पाठवलेली नाहीत. अशी अट असल्यास तिची लेखी प्रत मिळावी. नसल्यास पुढील मुलाखतींना आमची नावे गुणांनुसार पाठवावीत. उत्तर लेखी मिळावे, ही विनंती.”

शिवी नाही, आरोपांची यादी नाही, राजकारण नाही. काय झाले, तुलना काय, मागणी काय, एवढेच. मुलीने पहिल्या मसुद्यात ‘आमच्यावर नेहमीच अन्याय होतो’ असे लिहिले होते. मी ते वाक्य काढायला लावले. वाक्य खोटे होते म्हणून नव्हे, तर त्या वाक्याला साहेबांना उत्तर द्यावे लागत नाही म्हणून. यादीतल्या पाच नावांचे उत्तर मात्र द्यावेच लागते.

सर्टिफिकेट अडवतील, लहान बहिणीला प्रवेश देणार नाहीत, ही भीती खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे एकटीने अर्ज न करणे. पाचपैकी तिघींनी सह्या केल्या. दोघींच्या घरून परवानगी मिळाली नाही. मी त्यांना दोष देत नाही.

घरातले डावलणे

भेदभाव मोजायची पट्टी हातात आली की ती आपल्यावरही लावून पाहावी. आपल्या संस्थांच्या केंद्रांत मुलींसाठी शिवण आणि मेहंदी, मुलग्यांसाठी संगणक आणि वायरमन, असे वाटप कोण करते? ‘त्या गल्लीतली पोरं नकोत’ असे बिरादरी पाहून कोण म्हणते? पोलिओमुळे कुबडी घेऊन चालणाऱ्या मुलाला ‘तुला कशाला कोर्स’ असे म्हणणारे त्याचे चाचाच असतात. मुलीला दुसऱ्या तालुक्यात नोकरी मिळाली तर ‘नको’ म्हणणारे आपणच असतो, आणि नंतर ‘आमच्या मुलींना घेत नाहीत’ असेही आपणच म्हणतो. पाच प्रश्न तिथेही तेच आहेत.

पुढे काय झाले?

तीन आठवड्यांनी केंद्राचे दोन ओळींचे पत्र आले. अशी कोणतीही अट नाही, पुढील वेळी सर्व पात्र प्रशिक्षणार्थ्यांची नावे पाठवली जातील. माफी नव्हती, मागच्या वेळचे स्पष्टीकरण नव्हते. पण महिन्याभराने दुसऱ्या मुलाखती झाल्या आणि पाचही नावे गेली. सही न केलेल्या दोघींचीही.

तिथल्या मेट्रनने स्कार्फबद्दल एकच विचारले: गणवेशाच्या रंगाचा घ्याल का, आणि टोकं आत खोचाल का? मुलींनी ‘हो’ म्हटले. एकीची निवड झाली. आमच्या मुलीची झाली नाही. तिला रात्रपाळी नको होती आणि ते तिने खरे सांगितले. पुढे ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली, अर्जाची पोच आणि गुणपत्रक एकाच फाइलमध्ये घेऊन.

यंदाच्या ईदला तिच्या अम्मी पुन्हा आल्या. सोबत शेजारची एक मुलगी होती, अप्रेंटिसशिपचे विद्यावेतन चार महिने थांबलेली. मी काही विचारायच्या आधीच अम्मी म्हणाल्या, “मॅडम, भेदभाव आहे की काय ते तुम्ही बघा. तारखा मात्र सगळ्या लिहून आणल्यात.”